हेरगिरीला मुभा कशासाठी?

संगणकाच्या रक्षणासाठी जी प्रणाली आपण पैसे मोजून विकत घेतो आणि जिला सर्व लोक अँटीव्हायरस या नावाने ओळखतात, तिने व्हायरसांचाच तेवढा बंदोबस्त करावा. मालकाच्या नकळत त्याची टेहळणी करणारे स्पायवेअर आणि त्याच्या पडद्यावर जाहिरातींचा मारा करणारे अ‍ॅडवेअर यांच्या वाटेस तिने जाऊ नये, असे एक मत आमच्या चंद्रपूर-गडचिरोलीकडे अजूनही ऐकू येते. संगणक विकणाऱ्याच्या दुकानात ते ऐकू येते, दुरुस्तीला आलेल्या कारागिराच्या तोंडून ऐकू येते, आणि ज्यांच्या शब्दाला कार्यालयीन खरेदीत वजन असते अशा जाणत्या माणसांकडूनही ऐकावे लागते. हे मत धरणारे सर्वच अजाण किंवा स्वार्थी आहेत असे मी म्हणणार नाही. त्यांच्यापैकी काहींनी या विषयाचा चांगला अभ्यास केलेला आहे. सबब त्यांची कैफियत प्रथम त्यांच्याच बाजूने, जितकी बळकट मांडता येईल तितकी मांडणे आणि मगच तिला उत्तर देणे न्यायाचे होईल.

त्यांचे म्हणणे असे. व्हायरस स्वतःच्या प्रती काढतो, एका फाइलीतून दुसरीत आणि एका यंत्रातून दुसऱ्यात शिरतो, साठवलेल्या माहितीचा नाश करतो. त्याला कोणी बोलावलेले नसते आणि त्याची बाजू घ्यायला कोणी उजळ माथ्याने पुढे येत नाही. स्पायवेअर आणि अ‍ॅडवेअर यांची गोष्ट निराळी. ती बहुधा एखाद्या फुकट मिळणाऱ्या उपयुक्त प्रणालीबरोबर येतात, त्यांच्यामागे रीतसर नोंदलेली कंपनी असते, आणि वापरणाऱ्याने अटींच्या खाली मान्यतेची कळ स्वतःच्या हाताने दाबलेली असते. जाहिरातींच्या उत्पन्नावर चालणाऱ्या अशा प्रणाली बंद पाडण्याचा अधिकार अँटीव्हायरस कंपनीला कोणी दिला? उद्या एखाद्या कंपनीने धंदा बुडवल्याचा दावा लावला तर त्याचा खर्च कोणी सोसावा? शिवाय तपासणीचा पसारा वाढला की यंत्र मंदावणार आणि निरुपद्रवी प्रणालींवर विनाकारण आळ येणार. तेव्हा ज्याला हेरांचे भय वाटते त्याने त्यासाठी वेगळे साधन घ्यावे, अँटीव्हायरसवर हे ओझे लादू नये.

वेगळे साधन घ्यावे, या शेवटच्या मुद्द्यापासूनच उत्तराला आरंभ करतो, कारण या वेगळेपणाचा इतिहास लक्षात घेतला म्हणजे पुष्कळसा उलगडा होतो. व्हायरसांचा पहिला मोठा उपद्रव झाला तो फ्लॉपीच्या काळात. पुण्यात रहिमतपूरच्या कैलास काटकरांनी कॅल्क्युलेटर-दुरुस्तीपासून आरंभ केलेल्या व्यवसायात त्यांचे बंधू संजय यांनी 1990 च्या दशकात व्हायरस काढण्याची प्रणाली लिहिली आणि तीच पुढे क्विक हील या नावाने देशभर गेली, हे मराठी माणसाला ठाऊक आहे. त्या दिवसांत यंत्र इंटरनेटला जोडलेलेच नसे. त्यामुळे हेराने माहिती टिपली तरी ती पाठवायला वाट नव्हती, आणि शत्रू एकच होता. पुढे इंटरनेट आले, वाट खुली झाली, आणि 1999 च्या सुमारास अ‍ॅड-अवेअर, पाठोपाठ स्पायबॉट, अशी केवळ हेर आणि जाहिरातबाज हुडकणारी साधने निघाली. ती निघाली याचे कारण प्रस्थापित अँटीव्हायरस कंपन्यांनी हे काम आपले नव्हे म्हणून अंग काढून घेतले होते. 2004 च्या डिसेंबरात मायक्रोसॉफ्टने जायंट नावाची कंपनी विकत घेऊन तिचे स्पायवेअर-विरोधी साधन आपल्या छत्राखाली आणले. विंडोज डिफेंडर म्हणून जे पहिल्यांदा लोकांपुढे आले ते केवळ स्पायवेअरच शोधत असे, व्हायरस नव्हे. एका यंत्रावर दोन पहारेकरी, आणि दोघांच्या हद्दीच्या मधल्या पट्ट्यात चोरांचे राज्य, अशी ती व्यवस्था काही वर्षे चालली. अखेर 2012 मध्ये विंडोज 8 बरोबर मायक्रोसॉफ्टने दोन्ही कामे एकाच डिफेंडरकडे सोपवली. म्हणजे ज्या विभागणीला आमचे प्रतिपक्षी तत्त्व म्हणून कवटाळतात, ती कंपन्यांच्या सोयीतून निर्माण झालेली एक तात्पुरती व्यवस्था होती, आणि ती जिथे प्रचलित होती तिथेच मोडून पडली.

तथापि इतिहास प्रतिकूल आहे एवढ्यावरून एखादे तत्त्व खोटे ठरत नाही. म्हणून त्या तत्त्वाचीच परीक्षा करू. उपद्रवी प्रणालीची ओळख तिच्या प्रसाराच्या रीतीवरून ठरवावी की मालकाला होणाऱ्या अपायावरून, हा खरा वादाचा विषय आहे. या प्रश्नाचे उत्तर आपल्या देशाच्या कायद्याने फार पूर्वीच दिलेले आहे. 2000 सालच्या माहिती तंत्रज्ञान अधिनियमाचे कलम 43 काढून पाहावे. त्यात संगणक-व्हायरसची व्याख्या निराळी दिली आहे. आणि तिच्या जोडीला संगणक दूषित करणाऱ्या आज्ञावलीची दुसरी, अधिक व्यापक व्याख्या दिली आहे. संगणकातील माहिती बदलणारी किंवा नष्ट करणारी आज्ञावली तर तिच्यात येतेच, पण ती माहिती नुसती टिपून ठेवणारी आणि बाहेर पाठवणारी आज्ञावलीही येते. इतकेच नव्हे तर कोणत्याही मार्गाने यंत्राच्या नेहमीच्या चालण्यावर कब्जा करणारी आज्ञावलीही येते. टिपणे आणि पाठवणे हे स्पायवेअरचे काम. आपण मागितले ते पान बाजूला सारून तिसरेच पान पुढे करणे हे अ‍ॅडवेअरचे. मालकाच्या परवानगीविना अशी आज्ञावली यंत्रात घालणाऱ्यावर भरपाईची जबाबदारी येते, आणि ते कृत्य अप्रामाणिकपणे किंवा कपटाने केलेले असेल तर कलम 66 खाली तीन वर्षांपर्यंतचा कारावास होऊ शकतो. विधिमंडळांना तांत्रिक गोष्टी उशिरा कळतात अशी तक्रार आपण नेहमी करतो. या बाबतीत आपल्या संसदेला पंचवीस वर्षांपूर्वी जे कळले होते ते अँटीव्हायरसचे काही विक्रेते अजून समजून घ्यायला तयार नाहीत.

आता संमतीचा मुद्दा. प्रतिपक्षाच्या सगळ्या इमारतीचा भार या एका खांबावर आहे, म्हणून त्याच्याजवळ थोडे थांबले पाहिजे. आमच्या दोन्ही जिल्ह्यांत वनोपजाच्या वाहतुकीसाठी पास लागतो, आणि पासाचे महत्त्व आम्हाला कोणी शिकवावे लागत नाही. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गावाला 2009 साली जंगलावरचा सामूहिक हक्क मिळाला, तरी स्वतःच्या बांबूसाठी वाहतूक पासाचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती येण्यास 2011 साल उजाडावे लागले. पण आलापल्लीकडून सागवान भरून आलेला ट्रक नाक्यावर उभा राहिला, आणि चालकाने पास पुढे केला, म्हणजे नाकेदार लगेच आडवा दांडा वर उचलतो काय? तो पासावरची जात पाहतो, नग मोजतो, घनमीटर ताडून पाहतो, लाकडावर हातोड्याची खूण आहे की नाही ते बघतो, पासाची मुदत आणि त्यावर लिहिलेला मार्ग तपासतो. आणि पासात बांबू लिहिला असून ताडपत्रीखाली सागवान निघाले तर ट्रक जप्त होऊन मुद्देमालाचा पंचनामा होतो. पास हा अमुक मालापुरता आणि अमुक मार्गापुरता असतो. मान्यतेची कळ हाही तसाच पास आहे. छायाचित्राचा आकार लहान करून देणारी प्रणाली घेण्यास मी संमती दिली असेल, तर त्या संमतीच्या ताडपत्रीखाली माझ्या कळफलकावरचे प्रत्येक अक्षर नेण्याचा अधिकार कोणाला मिळत नाही. तो मिळाला आहे की नाही हे ताडून पाहणारा कोणीतरी यंत्राच्या दारात असला पाहिजे, आणि ते काम ज्याच्याकडे आधीपासून दाराची चौकी आहे त्याचेच आहे.

हे नुसते तर्काचे बोलणे वाटू नये म्हणून प्रत्यक्ष पाहिलेली एक गोष्ट सांगतो. गडचिरोली जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी एका सेवा केंद्रात मी बराच वेळ बसून होतो. दहा बाय बाराची खोली, इन्व्हर्टरची अखंड घरघर, टेबलावर अंगठ्याचे यंत्र आणि त्याच्याशेजारी बोटे पुसायला ओले फडके; बाहेर बाकावर उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, शिष्यवृत्तीचा अर्ज अशा नाना कामांसाठी आलेली माणसे. केंद्र चालवणारा मुलगा मोठा कष्टाळू आणि लोकांशी गोड बोलणारा. शासनाच्या संकेतस्थळावर कागद चढवायचे तर ते ठरावीक केबीच्या आतच बसले पाहिजेत, अशी अट असते. मोबाइलवर काढलेल्या फोटोचा आकार त्याच्या कितीतरी पट होतो. म्हणून त्या मुलाने इंटरनेटवरून पीडीएफ लहान करणारी एक फुकट प्रणाली उतरवून घेतली होती, मग सही आणि फोटो कापणारी दुसरी, मग स्कॅन जोडणारी तिसरी. त्या प्रत्येकीने आपल्याबरोबर आणखी कोणाला तरी आत आणले होते. ब्राउझर उघडला की शोधाचे भलतेच पान पुढे येई. शिष्यवृत्तीच्या अर्जावर मध्येच एक चौकट झळके आणि यंत्रात शेकडो दोष सापडले असून ते काढण्यासाठी येथे दाबा असे सांगे. कोपऱ्यात कर्जाच्या आणि जुगाराच्या जाहिराती सरकत असत. मी विचारले, अँटीव्हायरस नाही का? तो म्हणाला, "आहे ना सर, पैसे भरून घेतलाय. व्हायरस एकपण नाही दाखवत." त्याचे म्हणणे अक्षरशः खरे होते. पडद्यावर हिरवी खूण होती आणि यंत्र सुरक्षित असल्याची ग्वाही होती.

त्याच यंत्राच्या डाउनलोड्स नावाच्या कप्प्यात काय होते? पंचक्रोशीतल्या शेकडो कुटुंबांची आधार कार्डे, बँकेच्या पासबुकांची पहिली पाने, सातबारे, जातपडताळणीसाठी शोधून आणलेले आजोबा-पणजोबांच्या काळचे दाखले. ज्या माडिया बाईने त्या दिवशी फडक्याला बोट पुसून यंत्रावर अंगठा ठेवला, तिने कोणत्या अटी मान्य केल्या होत्या? अटी इंग्रजीत होत्या, कळ केंद्रचालकाने दाबली होती, आणि कागद तिचे होते. संमतीचा सिद्धान्त मांडणारे नेहमी असे गृहीत धरतात की यंत्राचा मालक, यंत्र वापरणारा आणि ज्याची माहिती यंत्रात आहे तो, हे तिघे एकच इसम आहेत. आमच्या भागात ते बहुधा तीन निरनिराळे इसम असतात. एका केंद्रावर अनेक गावे अवलंबून असतात, एका मोबाइलवर अख्खे घर चालते. तेथे एकाच्या कळ दाबण्याने दुसऱ्याचा हक्क बुडतो, आणि त्या दुसऱ्याला त्याचा पत्ताही नसतो. हाच धोका ग्रामसभांनाही आहे. ज्या ग्रामसभा तेंदूपानाचा लिलाव स्वतः करतात, त्यांचे अपेक्षित दर, ठराव आणि मजुरांची खाती आता लॅपटॉपवर असतात. बोली उघडण्यापूर्वी ती माहिती ठेकेदाराच्या माणसाला मिळाली तर संपूर्ण गावाच्या हंगामाचे नुकसान होईल, आणि यंत्रातली एकही फाइल बिघडलेली नसेल.

कर्ज देणाऱ्या मोबाइल अ‍ॅपांनी तर संमतीच्या या सिद्धान्ताची पुरती शोभा केली. दोन-पाच हजार रुपयांच्या उसनवारीसाठी माणसाने परवानगीची कळ दाबायची, आणि अ‍ॅपने त्याच्या फोनमधील सर्व नावे, नंबर आणि छायाचित्रे उचलून न्यायची. हप्ता चुकला की सोयऱ्याधायऱ्यांना फोन आणि विटंबनेच्या धमक्या. रिझर्व्ह बँकेने 2021 च्या जानेवारीत नेमलेल्या कार्यगटाला अ‍ॅपच्या बाजारांत सुमारे 600 बेकायदा कर्ज-अ‍ॅपे आढळली, आणि 2 सप्टेंबर 2022 च्या मार्गदर्शक सूचनांनी असा दंडक घातला की कर्ज देणाऱ्या अ‍ॅपने फोनमधील फाइली, संपर्कयादी आणि कॉलची नोंद यांना हातच लावू नये. येथे नीट पाहावे: ऋणकोने दिलेली संमती देशाच्या मध्यवर्ती बँकेनेही पुरेशी मानली नाही. ज्या बँकेने असा निर्णय केला तिचा संगणकाच्या धंद्याशी काही संबंध नाही. आणि ज्यांचा धंदाच संरक्षणाचा आहे त्यांनी मात्र संमतीचा कागद पाहून मागे फिरावे, हे कोणत्या न्यायाने?

आता जे सांगायचे आहे ते अधिक गंभीर आहे आणि त्याचा संबंध आमच्या प्रदेशाशी फार निकटचा आहे. नागपूरचे वकील सुरेंद्र गडलिंग यांनी गडचिरोलीतील कित्येक आदिवासींचे खटले चालवले. 6 जून 2018 रोजी एल्गार परिषद प्रकरणात पुणे पोलिसांनी त्यांना अटक केली. पुढे बचावपक्षाच्या विनंतीवरून अमेरिकेतील आर्सेनल कन्सल्टिंग या संगणक-न्यायवैद्यक संस्थेने त्यांच्या संगणकाच्या प्रतीची तपासणी केली, आणि 2021 च्या जुलैमध्ये तिचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला तो असा: 2016 च्या फेब्रुवारीअखेर तो संगणक नेटवायर नावाच्या प्रणालीच्या ताब्यात गेला, वीस महिन्यांहून अधिक काळ ताब्यात राहिला, आणि त्या अवधीत किमान 14 आक्षेपार्ह दस्तऐवज बाहेरून त्यावर ठेवण्यात आले. या निष्कर्षाची ग्राह्यता ठरवणे न्यायालयाचे काम आहे. तपास यंत्रणेने तो मान्य केलेला नाही, आणि खटल्याच्या गुणदोषांविषयी येथे एक अक्षरही लिहिण्याचा माझा अधिकार नाही व इच्छाही नाही. माझा प्रश्न नेटवायरपुरता आहे. ही प्रणाली कळफलकावरची अक्षरे टिपते, पडद्याची चित्रे घेते, परवलीचे शब्द उचलते, दुरून फाइली नेते आणि आणून ठेवते. ती स्वतःच्या प्रती काढत गावभर फिरत नाही, नासधूस करणे हे तिचे मुख्य काम नव्हे. आणि वर्षानुवर्षे ती दूरस्थ व्यवस्थापनाचे एक साधन म्हणून संकेतस्थळावर उघडपणे विकली जात होती. 2023 च्या मार्चमध्ये अमेरिकेच्या तपास यंत्रणेने ते संकेतस्थळ जप्त करीपर्यंत हा बाजार चालू होता. प्रतिपक्षाने सांगितलेल्या व्हायरसच्या लक्षणांपैकी एकही लक्षण तिला लागू पडत नाही. आणि तिच्यामागे विक्रेता होता, किंमत होती, संकेतस्थळ होते. त्यांचा निकष जसाच्या तसा लावला तर अँटीव्हायरसने नेटवायरला वाट मोकळी करून दिली पाहिजे. निकषच चुकीचा आहे याचा याहून अधिक उघड पुरावा मला तरी देता येणार नाही.

हा प्रसंग एकटा नाही. अ‍ॅम्नेस्टी इंटरनॅशनल आणि कॅनडातील सिटिझन लॅब यांनी 2020 च्या जूनमध्ये जाहीर केले की 2019 च्या जानेवारी ते ऑक्टोबर या काळात भारतातील नऊ मानवाधिकार कार्यकर्त्यांना नेटवायरची जाळी असलेले ईमेल पाठवण्यात आले होते. त्या नऊ जणांत नागपूरचे वकील निहालसिंग राठोड हेही होते. काहींना हा विषय राजकीय पक्षोपपक्षांचा वाटेल. तो तसा नाही. ज्या साधनाने आज वकिलाच्या यंत्रात पत्र ठेवता येते त्याच साधनाने उद्या तहसील कचेरीच्या यंत्रात फेरफार ठेवता येईल, वनअधिकाऱ्याच्या यंत्रात पास ठेवता येईल, पोलीस ठाण्याच्या यंत्रातून खबऱ्याचे नाव नेता येईल. गडचिरोलीसारख्या जिल्ह्यात, जेथे खबऱ्या असल्याच्या नुसत्या संशयावरून माणसे मारली गेली आहेत, तेथे एखाद्याचे नाव फुटणे म्हणजे काय, हे आम्हाला सविस्तर सांगायची गरज नाही. बाजू कोणतीही असो, यंत्रातला हेर हा सर्वांचाच वैरी आहे.

दाव्यांच्या भीतीविषयी थोडक्यात. झँगो नावाच्या अ‍ॅडवेअर कंपनीने कॅस्परस्कीवर अमेरिकेत असाच दावा लावला होता. 2009 मध्ये तेथील नवव्या विभागाच्या अपील न्यायालयाने कॅस्परस्कीच्या बाजूने निकाल दिला आणि आक्षेपार्ह सामग्री अडवण्याचे साधन पुरवणाऱ्याला कायद्याचे संरक्षण आहे असे ठरवले. आपल्याकडे इतके स्पष्ट संरक्षण नसेल तर ते मागावे, त्यासाठी अधिनियमात दुरुस्ती करून घ्यावी; दाव्याच्या भयाने चौकी सोडून जाणे हे त्याचे उत्तर नव्हे. आणि नामवंत कंपनीपुढे नमते घेण्याचे परिणाम जगाने एकदा पाहिलेले आहेत. 2005 च्या ऑक्टोबरअखेर मार्क रुसिनोविच या अभियंत्याने उघड केले की सोनी बीएमजीच्या संगीताच्या सीडींमधून श्रोत्यांच्या यंत्रात एक लपून राहणारी प्रणाली शिरत होती, जिच्या आडोशाला दुसरे कोणतेही दुष्ट सॉफ्टवेअर दडू शकत होते. लाखो सीडी बाजारात गेल्या, महिनोन्‌महिने त्या वाजत राहिल्या, आणि नावाजलेल्या अँटीव्हायरसांपैकी कोणीही ग्राहकाला वेळीच सावध केले नाही. ते काम एका माणसाला आपल्या चिकाटीने करावे लागले.

यंत्र मंदावते, या तक्रारीत तथ्य आहे; आमच्याकडच्या जुन्या यंत्रांवर तर ते प्रकर्षाने जाणवते. परंतु ज्यांनी वर वर्णिलेल्या केंद्रातील यंत्र पाहिले आहे त्यांना हे सांगावे लागणार नाही की अ‍ॅडवेअरने आलेली मंदगती ही कोणत्याही तपासणीने येणाऱ्या मंदगतीपेक्षा मोठी असते. खोट्या आळांचा मुद्दा मात्र मी अधिक आदराने घेतो. जाहिरात दाखवणारी प्रत्येक प्रणाली काही हेर नसते, आणि दूरच्या गावी बिघडलेले यंत्र दुरुस्त करण्यासाठी चंद्रपुरात बसलेला कारागीर दूरस्थ साधन वापरतो तेव्हा तो सत्कृत्यच करत असतो. म्हणून सर्वांना एकच शिक्षा असावी असे मी म्हणत नाही. जी प्रणाली लपून राहते, अक्षरे टिपते किंवा माहिती गुपचूप बाहेर नेते, तिला तत्क्षणी अडवावे. जी उघडपणे जाहिराती दाखवते, तिच्याविषयी मालकाला त्याच्या भाषेत सांगावे आणि ठेवायची की काढायची हे त्याच्यावर सोपवावे. आणि जी साधने चांगल्या व वाईट दोन्ही हातांत जातात, ती यंत्रात चालू असल्याची सूचना तरी पडद्यावर दिसावी. पत्नीच्या फोनमध्ये पतीने गुपचूप बसवलेल्या पाळत-प्रणालींच्या बाबतीत नेमके हेच घडले: 2019 च्या एप्रिलमध्ये कॅस्परस्कीने अशा प्रणालींविषयी स्पष्ट इशारा देण्यास आरंभ केला, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात अनेक सुरक्षा कंपन्या व स्त्रियांसाठी काम करणाऱ्या संस्था यांनी मिळून त्याविरुद्ध एक आघाडी उभारली. त्याने कोणाचा प्रामाणिक धंदा बुडाला असे ऐकिवात नाही.

प्रतिपक्षाने सहसा न मांडलेला, पण माझ्या मते सर्वांत वजनदार असा एक आक्षेप राहतो. अँटीव्हायरसला इतके अधिकार दिले आणि तोच हेर निघाला तर? ही शंका काल्पनिक नाही. अव्हास्ट या जगभर खपणाऱ्या अँटीव्हायरसने आपल्या ग्राहकांच्या ब्राउझरमधील वावराची माहिती जंपशॉट नावाच्या उपकंपनीमार्फत विकल्याचे 2020 च्या जानेवारीत उघडकीस आले, ती उपकंपनी बंद करावी लागली, आणि 2024 च्या फेब्रुवारीत अमेरिकेच्या व्यापार आयोगाने अव्हास्टला 1 कोटी 65 लाख डॉलर भरायला लावून जाहिरातींसाठी अशी माहिती विकण्यास मनाई केली. परंतु यातून निष्पन्न काय होते? जो अँटीव्हायरस स्पायवेअरची व्याख्या मान्य करतो, ती जाहीर करतो आणि तिच्याशी बांधला जातो, त्यालाच त्या व्याख्येने जाब विचारता येतो. हेरगिरी हा माझा विषयच नाही असे म्हणणाऱ्याला कोणत्या मापाने मोजणार? अव्हास्टचे उदाहरण त्यामुळे माझ्याच बाजूला येऊन उभे राहते.

म्हणून माझे मागणे दोन ठिकाणी आहे. पहिले, चंद्रपूर आणि गडचिरोली येथील जिल्हाधिकारी कार्यालये, जिल्हा परिषदा आणि वनविभाग यांच्याकडे: यापुढे अँटीव्हायरसच्या प्रत्येक खरेदी-आदेशात स्पायवेअर, अ‍ॅडवेअर आणि दूरस्थ ताबा घेणारी साधने ओळखण्याची अट स्पष्ट शब्दांत घालावी, पडद्यावरच्या सूचना मराठीत असाव्यात अशी दुसरी अट घालावी, आणि विक्रेता स्वतः ग्राहकाची माहिती कोणाला देतो याचा लेखी खुलासा घेतल्याशिवाय देयक मंजूर करू नये. त्याचबरोबर सेवा केंद्रांना कागद लहान करण्याचे एक निर्धोक साधन शासनाने स्वतःच पुरवावे; केबीची अट शासनाची आहे, तेव्हा ती पाळण्याचे साधन देण्याची जबाबदारीही शासनाचीच आहे. दुसरे मागणे केंद्रचालकांकडे आणि वाचकांकडे: विंडोज सिक्युरिटीमध्ये अ‍ॅप अँड ब्राउझर कंट्रोलच्या खाली, रेप्युटेशन-बेस्ड प्रोटेक्शनच्या पानावर, पोटेन्शियली अनवॉन्टेड अ‍ॅप ब्लॉकिंग नावाची कळ असते, ती चालू आहे की नाही ते पाहावे, केंद्र सरकारच्या सायबर स्वच्छता केंद्राच्या संकेतस्थळावर 2017 पासून यंत्र साफ करण्याची साधने विनामूल्य मिळतात, ती घ्यावीत, काम झाले की लोकांचे कागद डाउनलोड्समधून काढून टाकावेत, आणि पुढच्या वेळी अँटीव्हायरस घेताना, तो स्पायवेअर पकडतो काय, हे दुकानदाराला विचारावे. पकडत नाही असे उत्तर आले तर तो घेऊ नये.